चटकन घाबरणाऱ्या मुलांना हॅलोविनची पुस्तकं वाचून दाखवताना

31 ऑक्टोबरला हॅलोविन असतो, मुलं भुताखेतांचे वेष करून गोळ्या मागत घरोघरी फिरतात. सप्टेंबर सरत आला की अमेरिकेतल्या लायब्ररीत, मुलांच्या विभागात शिरल्या शिरल्या केशरी-काळ्या पुस्तकांची रास दिसायला लागते. डेकेअरच्या भिंतीवर तेच, शेजारच्या अंगणात तेच. त्यामुळे ‘आमचा घाबरतो, आम्ही ही पुस्तकं आणतच नाही’ हा उपाय फार दिवस चालत नाही. होम डेपो या घरसामानाच्या दुकानसाखळीने 2020 साली आणलेला 12 फुटी सांगाडा कोणाच्या तरी अंगणात उभा असतोच, आणि त्याला मिटून फळीवर ठेवता येत नाही. पुस्तकाला येतं. भीती किती घ्यायची, कुठे थांबायचं आणि परत कधी उघडायचं, हे पुस्तकात मुलाच्या हाती देता येतं. पुढची सगळी खटपट त्यासाठीच. अडीच ते सहा वर्षांचं मूल डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे.

घाबरतं ते नेमकं कशाला

मोठ्यांना गोष्ट भीतीदायक वाटते, लहानांना चेहरा. जोआन कँटर आणि सिंथिया हॉफनर या संशोधकांनी 1985 साली मुलांना एका म्हातारीची फिल्म दाखवली होती. कधी ती दिसायला छान, कधी कुरूप; कधी वागायला प्रेमळ, कधी दुष्ट. तीन ते पाच वर्षांच्या मुलांनी तिला जोखलं ते प्रामुख्याने रूपावरून. वय वाढलं तसं वागण्याला महत्त्व आलं. म्हणजे ‘अरे, ही चेटकीण चांगली आहे बघ’ हे तुमचं वाक्य चार वर्षांच्या मुलाच्या कानावरून जातं आणि नाकावरचा चामखीळ मात्र डोक्यात राहतो.

दुसरी गोष्ट म्हणजे रूप बदलणं. ओळखीचा माणूस बघता बघता वेगळा होतो, मुखवटा चढतो, भोपळ्याला तोंड फुटतं. या वयात आतलं माणूस तेच राहिलं आहे याची खात्री मुलाला नसते. म्हणून बाबांनी गंमत म्हणून घातलेला गोरिलाचा मुखवटा पुस्तकातल्या भुतापेक्षा जास्त रडवतो.

तिसरी गोष्ट जरा चक्रावणारी आहे. मानसशास्त्रज्ञ पॉल हॅरिस आणि सहकाऱ्यांनी 1991 साली चार आणि सहा वर्षांच्या मुलांना रिकामी पेटी दाखवली आणि आत राक्षस आहे असं नुसतं मनात आणायला सांगितलं. पेटी रिकामी आहे हे मुलांना ठाऊक होतं. तरी काही लहान मुलं प्रयोग करणाऱ्या बाईंना खोलीबाहेर जाऊ देईनात. तेव्हा ‘खरं नसतं रे ते’ म्हणून भागत नाही. खरं नसतं हे त्याला माहीत असतंच, भीती त्याच्या शेजारी बसलेली असते.

कुठलं पुस्तक आधी, कुठलं नंतर

चार पायऱ्या मानायच्या आणि पहिल्यापासून चढायचं, मूल कितीही धीट वाटलं तरी.

सगळ्यात खालच्या पायरीवर भूत नाही की चेटकीण नाही. भोपळ्याचं शेत, गळलेली पानं, बिया काढणं, टोपलीत गोळ्या. दुसऱ्या पायरीवर वेषांतर, पण मूल कपडे चढवताना दिसलं पाहिजे. आधीच सजून उभं असलेलं नको. तिसऱ्या पायरीवर राक्षस येतो, पण तुकड्यातुकड्याने, आणि तसाच जातो. चौथ्या पायरीवर काळोखी पानं, चाहूल, पान उलटताच दचकवणं, आणि शेवटी उलगडा.

तिसऱ्या पायरीसाठी एड एम्बर्ली यांचं ‘गो अवे, बिग ग्रीन मॉन्स्टर!’ हाताशी असावं. त्याची पानं कापलेली आहेत. काळ्या पानाच्या भोकांतून आधी दोन पिवळे डोळे दिसतात, पुढच्या पानावर नाक, मग लाल तोंड आणि दात, असं करत पुरता हिरवा चेहरा तयार होतो. पुस्तकाच्या मध्यावर त्याला ‘जा’ म्हणायचं, आणि उलटणाऱ्या प्रत्येक पानाबरोबर एकेक अवयव नाहीसा होतो. मुलाच्या बोटाने पान उलटलं की राक्षसाचे केस गेले, कान गेले. आईने समजावून जे होत नाही ते इथे पुठ्ठ्याच्या भोकाने होतं. मात्र पहिला अर्धा भाग ज्याला झेपत नाही त्याला मध्यापासून सुरू करून द्या: पूर्ण चेहरा एकदाच दिसेल आणि लगेच जायला लागेल.

चौथ्या पायरीवर लिंडा विल्यम्स यांचं 1986 सालचं ‘द लिटल ओल्ड लेडी हू वॉज नॉट अफ्रेड ऑफ एनिथिंग’. म्हातारी जंगलातून घरी येते आणि तिच्या मागे नुसते बूट, नुसती विजार, सदरा, हातमोजे, टोपी आणि शेवटी भोपळ्याचं डोकं अशी वरात लागते. प्रत्येकाला आपापला आवाज आणि हालचाल आहे, म्हणून मूल वाचनात ओढलं जातं. शेवटी या सगळ्याचं बुजगावणं होतं. मराठी घरात हे पुस्तक चटकन बसतं, कारण म्हातारी, जंगल आणि भोपळा हे त्रिकूट आपल्याकडे आधीपासून आहे. ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ ज्याला येतं त्याला भोपळा म्हणजे वाघाच्या तोंडून सुटायचं वाहन. ती गोष्ट आठवडाभर आधी सांगून ठेवा. मग अंगणातला दात विचकणारा भोपळा निदान ओळखीचा तरी वाटतो.

ज्युलिया डोनाल्डसन यांचं ‘रूम ऑन द ब्रूम’ (2001) पुष्कळ जण पहिलंच पुस्तक म्हणून देतात, कारण चेटकीण गोड आहे. पण त्यात ड्रॅगन आहे, आणि त्याच्यासमोर चिखलातून वर येणारं अनेक तोंडांचं जनावर आहे. ते जनावर म्हणजे तिचेच सोबती, मांजर, कुत्रा, पक्षी, बेडूक, चिखलाने माखलेले. हे कळलं तर मूल हसतं, नाही कळलं तर ते पान पुस्तकातलं सगळ्यात भयंकर पान होतं. आधी मांजर, कुत्रा आणि बेडूक चिखलात पडतात ते चित्र बोट लावून दाखवायचं आणि मगच पुढे जायचं.

आधी एकट्याने वाचा

चित्रपुस्तकं बहुधा 32 पानांची असतात, म्हणजे वाचायला पाच-सात मिनिटं. तेवढा वेळ काढून आधी मोठ्याने वाचून बघा. मनात वाचलं तर दचकवणारी जागा कळत नाही, तोंडाने वाचलं की कळते. चार गोष्टींवर नजर ठेवायची. पूर्ण पान भरून समोर बघणारा चेहरा किती वेळा येतो? मूल किंवा प्राणी एकटा पडतो ते किती पानं? पान उलटताच काहीतरी अंगावर येतं का? आणि शेवटी भीती मिटते की शेवटच्या चित्रात कोपऱ्यात पुन्हा दोन डोळे चमकतात? हा शेवटचा प्रकार मोठ्यांना फार आवडतो आणि चटकन घाबरणाऱ्या मुलाची रात्र खराब करतो. असं पुस्तक सहाव्या वर्षापर्यंत बाजूला ठेवलं तर काही बिघडत नाही.

मुखपृष्ठाच्या आतली कोरी वाटणारी पानंही बघा. कधी कधी सगळ्यात विचित्र चित्रं तिथेच असतात.

पूर्ण चेहऱ्याच्या पानावर तीन इंची चिकटचिठ्ठी लावून ठेवा, फक्त चेहरा झाकेल इतकीच. वाचताना ती मुलाने उचलायची, वाटलं तर परत लावायची. बरीच मुलं आधी कोपरा उचलून एक डोळा बघतात, झाकतात, मग दोन डोळे. चार-पाच वेळा असं झालं की चिठ्ठी काढून फेकतात. लायब्ररीचं पुस्तक असेल तर चिठ्ठी त्याच दिवशी काढा. चिकटून राहिली तर डाग पडतो.

केव्हा आणि कसं बसून

सकाळी दहाच्या सुमारास किंवा दुपारच्या खाण्यानंतर चार वाजता. झोपायच्या आधी नाही. इथेच बहुतेक घरांत चूक होते, कारण पुस्तक म्हटलं की आपल्याला रात्रीची गादी आठवते. नवं पुस्तक झोपेच्या निदान तीन तास आधी संपलेलं असावं. मधे खेळ, जेवण, आंघोळ यांतलं काहीतरी घडलं पाहिजे.

मुलाला मांडीवर घ्यावं की शेजारी बसवावं? मांडीवर त्याचा चेहरा दिसत नाही, पण पाठ सगळं सांगते. पाठ ताठ होणं, श्वास रोखणं, पायाची बोटं आत वळणं, या खुणा रडण्याच्या पुष्कळ आधी येतात. शेजारी बसवलं तर तोंड दिसतं, पण ‘बघतोय ना’ म्हणून आपणच फसतो, कारण घाबरलेलं मूलही टक लावून बघतं. नवीन पुस्तकाला मांडी, पाठ झालेल्या पुस्तकाला शेजार, असं ठेवावं. कुठेही बसा, पानाचा खालचा कोपरा मुलाच्या चिमटीत असू द्या. पान तो उलटणार. तो थांबला तर तुम्हीही थांबायचं, ‘चल, पुढे बघू’ म्हणून कोपरा ओढून घ्यायचा नाही.

पहिलं वाचन: शेवट आधी

पहिल्यांदा अक्षरं वाचूच नका. शेवटचं पान उघडा: ‘हे बघ, शेवटी सगळे घरी येऊन सूप पितात.’ मग पहिल्या पानावर या आणि नुसती चित्रं बघत चला. मजा जाते असं मोठ्यांना वाटतं. रहस्य ही मोठ्यांची मजा आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला पुढे काय होणार हे माहीत असण्यात मजा येते, नाहीतर एकच पुस्तक त्याने चाळीस वेळा मागितलं नसतं.

दुसऱ्या फेरीत वाचा, पण आवाज सपाट ठेवा. कुजबुजू नका, कुजबुजण्याने ताण वाढतो, ओरडण्यापेक्षाही जास्त. भीतीच्या पानावर वेग थोडा वाढवला तरी चालतो, फक्त त्या पानावर श्वास घेऊन थांबू नका. नाट्य करायची हौस असेल तर ती आवाजांवर भागवा: बूट धपधप, टोपी डुगडुग, हातमोजे टाळ्या वाजवणार. हे आवाज मुलाकडून काढून घ्या. जो बुटांचा आवाज स्वतः काढतो तो बुटांना कमी घाबरतो.

तिसऱ्या फेरीपासून प्रश्न विचारा, पण ‘भीती वाटते का?’ हा सोडून. तो प्रश्न ऐकला की मूल शोधायला लागतं, वाटते का ते. त्यापेक्षा ‘याचे मोजे कुठल्या रंगाचे आहेत?’, ‘मांजर कुठे लपलंय?’, ‘हा आता काय करेल?’ असं विचारा. उत्तर आलं की त्यात एखादा शब्द घालून परत म्हणा आणि त्याच्याकडून वदवून घ्या.

एक पुस्तक आठवड्यात चार-पाच वेळा झालेलं बरं. नवं पुस्तक आठवड्याला एकच. लायब्ररीतून एकदम दहा पुस्तकं उचलून आणली की मूल स्वतःच चाळायला लागतं आणि तुम्ही न बघितलेल्या पानाशी एकटं पोचतं. बाकीची उंच फळीवर ठेवा.

भूत म्हणावं की घोस्ट

इंग्रजी पुस्तक मराठीतून सांगणाऱ्या घरात हा प्रश्न येतोच. अमेरिकन चित्रपुस्तकातला घोस्ट म्हणजे दोन भोकं पाडलेली पांढरी चादर. आपलं ‘भूत’ इतकं साधं नाही. त्यामागे वड आहे, अमावस्या आहे, काकांनी गावाकडची म्हणून सांगितलेली गोष्ट आहे. मूल ते सगळं जाणत नसलं तरी मोठ्यांच्या आवाजातला फरक ओळखतं. म्हणून आजी-आजोबा भुताचं नाव दबक्या आवाजात घेत असतील, तर पुस्तकातल्याला घोस्टच म्हणा, किंवा ‘चादरवाला’. चेटकीण, राक्षस, सांगाडा हे शब्द खुशाल वापरा. कोरलेल्या भोपळ्याला ‘भोपळ्याचा दिवा’ म्हटलं की अर्धं काम झालं.

आणि बागुलबुवा. ‘जेव, नाहीतर बागुलबुवा येईल’ असं दिवसा म्हणायचं आणि संध्याकाळी पुस्तकातला राक्षस खोटा आहे म्हणून पटवायचं, या दोन गोष्टी एका घरात चालत नाहीत. व्हिडिओ कॉलवर आजी म्हणाल्या तर त्यांनाही सांगावं लागतं. ‘आई, सध्या त्याला रात्री भीती वाटते, तेवढं बागुलबुवाचं नाव नका घेऊ’, इतकं पुरतं. कारणमीमांसा करत बसलात तर वाद होईल.

घाबरलाच तर

पुस्तक मिटा, पण लपवू नका. पालथं घालून समोरच राहू द्या. लपवलं की त्यात खरंच काहीतरी होतं असं ठरतं. ‘एवढा मोठा झालास आणि घाबरतोस?’ हे तर नकोच, पण ‘काही नाहीये त्यात’ हेही नको. त्याला दिसलंय, त्यामुळे तुम्ही खोटं बोलताय असं होतं. दिसलं ते म्हणा: ‘मोठे दात होते ना त्याचे. तुला आवडले नाहीत.’ मग विचारा, ‘मिटलेलंच ठेवू, की शेवटचं पान बघू?’ दोन पर्याय, दोन्ही सोपे.

सहा-सात वर्षांखालच्या मुलाला समजावण्यापेक्षा करायला काहीतरी देणं लागू पडतं: जवळ घेणं, हातात ओळखीचं खेळणं, पाणी प्यायला देणं. नंतर तासाभराने कागद आणि खडू द्या. राक्षसाचं चित्र काढून त्याला फुलाफुलांची चड्डी रंगवली की काम फत्ते.

राक्षस पळवायचा स्प्रे म्हणून बाटलीत पाणी भरून द्यायची पद्धत आहे. काही घरांत चालते. पण स्प्रे मारायला लागतो म्हणजे राक्षस असणार, असा सरळ हिशोब काही मुलं करतात, आणि बाटली संपली की रात्री दोन वाजता ती भरावी लागते. शक्यतो टाळावं.

पुस्तक ऐकवण्यासाठी यूट्यूब लावणं हाही फसलेला उपाय. मागे संगीत असतं, चित्र हलतं, आणि थांबवायचा कोपरा मुलाच्या हातात नसतो. थोरल्या भावंडाने वाचून दाखवणं त्याहून वाईट ठरू शकतं. सात वर्षांच्या दादाला दचकवण्यातच रस असतो. त्याला आवाजांचं काम द्या, पानांचं नाही.

पुस्तकं थांबवूनही काही आठवडे झोप मोडत असेल, मूल दिवसासुद्धा एकटं खोलीत जायला तयार नसेल, तर मुलांच्या डॉक्टरांशी बोला.

चादर, मुखवटा, सुरी

पुस्तक पाठ झालं की त्यातली एक वस्तू घरात आणा. पांढरी चादर सोफ्यावर पसरा, मग टेडीवर घाला, मग तुमच्या गुडघ्यांवर, मग खांद्यांवर, आणि मूल म्हणेल तेव्हाच डोक्यावर. डोक्यावर घेतल्यावर सतत बोलत राहा, आवाज ओळखीचा असतो. मुखवट्याचं तसंच: आधी जमिनीवर, मग मुलाच्या हातात, मग तुमच्या कपाळावर वर ढकललेला. चेहऱ्यावर एकदम कधीच नाही. आत जाऊन घालून बाहेर येणं ही सगळ्यात मोठी चूक, कारण बदलताना मुलाने पाहिलेलं नसतं.

भोपळा कोरण्याऐवजी पहिल्या वर्षी मार्करने तोंड काढा, आणि तोंड मुलाला काढू द्या. आत मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा.

गोव्यातून आलेल्या घरांत याला जोड मिळते. नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळायचे नरकासुराचे पुतळे तिथे चांगलेच भयंकर असतात, आणि तेही कागद, काठ्या, गवताचे असतात. बांधताना बघितलेलं मूल जळताना कमी दचकतं. 2024 साली तर नरकचतुर्दशी 31 ऑक्टोबरलाच होती, सकाळी उटणं आणि संध्याकाळी हॅलोविन.

31 तारखेची संध्याकाळ

न्यू जर्सीत त्या दिवशी सूर्य सहाच्या आसपास मावळतो. पाचला निघा, पाच-सहा घरं करा, उजेडात परत या. निघण्याआधी पाठ झालेलं पुस्तक एकदा वाचा आणि ‘यातलं काय काय दिसतंय बघू’ म्हणून तीन वस्तू ठरवा: भोपळा, मांजर, झाडू. मूल शोधायला लागतं. हलणारे, ओरडणारे पुतळे असलेलं घर लांबूनच ओळखता येतं. समोरच्या फुटपाथवरून जा. ज्या घराचा दारातला दिवा बंद, तिथे जायचं नसतं हे आधी सांगून ठेवा, म्हणजे ‘इथे नको’ म्हणायला मुलालाही नियम मिळतो. रात्रीसाठी मात्र हॅलोविनचं काहीच नको, नेहमीचंच कंटाळवाणं पुस्तक हवं.

कोरलेला भोपळा आठवड्याभरात बसतो. तोंड आत ओढलं जातं, बुरशीची काळी लव येते, आणि ज्या चेहऱ्याला मूल सरावलं होतं तोच खरोखर विद्रूप होतो. तो त्याआधीच, मुलाला सांगून, कचऱ्यात टाका. न कोरलेला छोटा, गोड भोपळा आणला असेल तर त्याचे घारगे करा. कोरायचा मोठा भोपळा त्यासाठी उपयोगाचा नाही, पाणचट आणि धागेदार निघतो. किसताना शेजारी बसलेलं मूल म्हातारी कुठे गेली म्हणून विचारेल. ती लेकीकडे पोचली आहे, तूप-रोटी खातेय.